जिलेबीच्या आधी गोष्ट
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

चुलीपुढं बसून ऐकणाऱ्या, शेतातून येऊन आत्ताच टेकलेल्या आणि गटाच्या बैठकीत मधोमध रेडिओ ठेवून बसलेल्या सगळ्या ताया, मावश्या, आज्यांना आमच्या ग्रामसंघाचा नमस्कार.

एरवी आम्ही तुमच्याशी बचतीबद्दल, कर्जाच्या हप्त्यांबद्दल, शेळ्यांच्या लसीकरणाबद्दल बोलतो. आज विषय वेगळा आहे, पण घरातलाच आहे. १५ ऑगस्ट तोंडावर आलाय. लेकरांचे गणवेश धुऊन ठेवायची, बूट शोधायची घाई सुरू झाली असेल. कुणाच्या पोराला भाषण करायचं असेल. ते भाषण मोबाईलवरून उतरवून घेतलेलं असतं. लेकरू रात्रभर पाठ करतं, सकाळी एका दमात म्हणतं आणि 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो' म्हणून पळत जागेवर जाऊन बसतं. मग जिलेबी वाटतात. नऊ-साडेनऊला पोरं घरी येतात आणि दिवस संपतो.

आम्ही आमच्या गावात सहज पोरांना विचारलं, "१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी यात फरक काय?" एक पोरगा म्हणाला, "एकाला पाऊस असतो, एकाला थंडी असते." आम्ही सगळ्या खूप हसलो. पण पोराचं चुकलं कुठं? त्याला जे दिसलं, ते त्यानं सांगितलं. दोन्ही दिवशी झेंडा तोच, रांग तीच, जिलेबीही तीच.

यात शाळेला बोल लावायचा नाही. दोन गुरुजींवर पाच वर्ग, त्यात पोषण आहाराचा हिशोब आणि मागवलेली माहिती भरून पाठवायची. ते तरी किती करणार? मग आम्ही आमच्याकडंच पाहिलं. गटातल्या बाया म्हणाल्या, "आम्ही कुठं शिकलो? आम्ही काय इतिहास सांगणार?"

तेव्हा गटातल्याच एका मावशीनं सगळ्यांना गप्प केलं. ती म्हणाली, "नागपंचमीला भावाची गोष्ट कोण सांगतं? पोळ्याला बैलाच्या खांद्याला हळद-लोणी का लावायचं, हे पोरांना कुणी सांगितलं? संक्रांतीला तीळच का, हे शाळेत शिकवलं का?" खरं होतं. आपल्या प्रत्येक सणाला एक गोष्ट असते, एक वस्तू असते, एक रीत असते, आणि ती आपणच लेकरांच्या कानात घातलेली असते. सही करताना अंगठा उमटवणाऱ्या आजीलाही श्रावणातल्या साऱ्या कहाण्या तोंडपाठ असतात. मग देशाच्या सणांना तेवढी कहाणी का नसावी?

तिथून आमचं ठरलं. प्रत्येक राष्ट्रीय सणाच्या आदल्या संध्याकाळी अर्धा तास पोरांना आणि आयांना एकत्र बसवायचं. मारुतीच्या पारावर, अंगणवाडीत, समाजमंदिरात, जिथं जागा मिळेल तिथं. एक गोष्ट सांगायची, हातात धरायला एक वस्तू द्यायची आणि घरी करायचं एक काम द्यायचं. एवढंच. ही आमची रीत तुम्हाला उपयोगी पडेल, म्हणून आज सांगतो.

सुरुवात १५ ऑगस्टपासून. वस्तू म्हणजे झेंडा. पोरांच्या हातात झेंडा द्यायचा आणि चक्राच्या आऱ्या मोजायला लावायच्या. चोवीस भरतात. मोजताना पोरं भांडतात, पुन्हा मोजतात, आणि मग आकडा कधीच विसरत नाहीत. हा झेंडा देशाचा झेंडा म्हणून संविधान सभेनं २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला. आपल्या नांदेडच्या खादी समितीतही तिरंगे तयार होतात, हे ऐकल्यावर पोरांचे डोळे मोठे होतात. झेंडा दिल्लीहूनच येतो, असं त्यांना वाटत असतं.

मग त्या रात्रीची गोष्ट. १४ ऑगस्टची रात्र, दिल्लीत संविधान सभा भरलेली. बारा वाजून गेले, देश स्वतंत्र झाला. तेव्हा हंसा मेहता नावाची बाई उठली आणि भारतातल्या सगळ्या स्त्रियांच्या वतीनं तिनं त्या सभेला राष्ट्रध्वज भेट दिला. मैत्रिणींनो, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या बैठकीत शांतता पसरली. झेंडावंदनाला आपण मागं, भिंतीजवळ, डोक्यावरचा पदर सावरत उभ्या राहतो. पण स्वतंत्र देशाच्या पहिल्याच रात्री तो झेंडा सभेच्या हाती सोपवला, तो आपल्या वतीनं. हे आपल्या लेकींना माहीत असायला हवं, आणि लेकांनाही.

पोरांना पोरांची गोष्ट लवकर कळते. म्हणून नंदुरबारच्या शिरीषकुमार मेहताची गोष्ट सांगायची. ९ सप्टेंबर १९४२. 'भारत छोडो'ची हाक एक महिन्यापूर्वी मुंबईत गवालिया टँक मैदानावर दिली गेली होती. नंदुरबारच्या शाळकरी पोरांनी तिरंगा घेऊन मिरवणूक काढली. पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार गेला, त्याच्याबरोबरची चार मुलंही गेली. शिरीषला सोळावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. आपल्या घरातल्या दहावीच्या पोराएवढा.

आणि आपण रेडिओवर बोलतोय, तर रेडिओची गोष्ट सांगायलाच हवी. त्याच १९४२ साली मुंबईत बावीस वर्षांची उषा मेहता नावाची विद्यार्थिनी होती. सगळे मोठे पुढारी तुरुंगात होते, वर्तमानपत्रांवर बंधनं होती. खरी बातमी लोकांपर्यंत जायची कशी? उषाताईंनी सोबत्यांना घेऊन एक गुप्त रेडिओ केंद्र चालवलं. पोलिसांना सापडू नये म्हणून ते सारखं एका घरातून दुसऱ्या घरात हलवावं लागे. सुमारे तीन महिने ते चाललं. नोव्हेंबरमध्ये पोलीस पोचले, आणि उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. आज आपण कुणाला न घाबरता या रेडिओवर आपल्या बोलीत बोलतो. त्यामागं अशी एक पोरगी उभी आहे.

१५ ऑगस्टचं काम पोरांना आवडतं. झेंडावंदन झालं की रस्त्यावर पडलेले कागदी झेंडे गोळा करायचे. झेंडा जमिनीवर पडू देऊ नये, पायदळी येऊ देऊ नये, त्यावर काही लिहू नये, केशरी रंग नेहमी वर असावा. फाटका झेंडा फडकवू नये. तो पुसायला, बांधायला वापरू नये, उकिरड्यावर तर टाकूच नये. चारचौघांच्या नजरेआड, मानानं, शक्यतो जाळून त्याला निरोप द्यावा, असा ध्वजसंहितेचा नियम आहे. आमच्या पोरांनी गोळा केलेले झेंडे अंगणवाडीत एका डब्यात ठेवले. पुढच्या सणाला त्यातले चांगले पुन्हा वापरले.

पहिल्या वर्षी ही बैठक संपत आली, तेव्हा पाचवीतल्या एका पोरीनं विचारलं, "त्या रात्री आपल्या गावात झेंडा लागला होता का?"

याचं उत्तर पुस्तकात पटकन सापडणार नव्हतं, पण गावात होतं. नव्वदीच्या घरातल्या एका आजीला आम्ही विचारलं. आजी म्हणाली, "कशाचा झेंडा? तवा निजामाचं राज होतं. झेंडा लावला की उचलून न्यायचे."

मैत्रिणींनो, आपण मराठवाड्याच्या लेकी-सुना. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण आपला मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या संस्थानात होता. निजामानं भारतात सामील व्हायला नकार दिला होता. त्याच दिवशी हैदराबादेत तिरंगा फडकवल्याबद्दल स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. आपल्याकडं तिरंगा उघडपणे फडकला तो १७ सप्टेंबर १९४८ ला, म्हणजे तेरा महिने आणि दोन दिवसांनी. म्हणून १७ सप्टेंबरला आपल्याकडं पुन्हा झेंडावंदन असतं. गोव्यानं तर १९ डिसेंबर १९६१ पर्यंत वाट पाहिली. स्वातंत्र्य सगळीकडं एकाच रात्री पोचलं नाही, हे पोरांना सांगितलं की त्यांना इतिहास आपल्या अंगणात आल्यासारखा वाटतो.

या दिवसाची गोष्ट सांगताना आम्ही शिक्षकांपासून सुरुवात करतो. स्वामी रामानंद तीर्थ हे मुळात शिक्षक. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईत त्यांनी मुलं शिकवली. मग विद्यार्थ्यांची गोष्ट. १९३८ साली औरंगाबाद, हैदराबादच्या कॉलेजांतल्या मुलांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हक्क मागितला, तर त्यांना काढून टाकलं. बरीच मुलं पुढं शिकायला नागपूरला गेली. आणि मग आपल्या जालना जिल्ह्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई घोड्यावर बसून, हत्यार हाती घेऊन रझाकारांविरुद्ध उभी राहिली. दगडाबाईंचं नाव सांगितलं की गटातल्या आज्या ताठ बसतात.

इथं एक नाजूक गोष्ट आहे, ती टाळून चालणार नाही. पहिल्या वर्षी १७ सप्टेंबरची तयारी करताना आमच्या गटातली एक मुसलमान भगिनी बैठकीत बराच वेळ गप्प होती. शेवटी ती म्हणाली, "ताई, गोष्ट सांगा, जरूर सांगा. पण रझाकार म्हटलं की वर्गातली पोरं माझ्या पोरीकडं वळून बघतात. तिनं काय केलं?"

त्या दिवशी बैठक लांबली. आम्ही बोलून बोलून काही गोष्टी ठरवल्या, त्या तुम्हालाही सांगतो. पहिली गोष्ट, पोरांना नीट सांगायचं की रझाकार ही कासीम रझवीची हत्यारबंद संघटना होती. लढा निजामाच्या जुलमी राजवटीशी होता, शेजाऱ्याशी नव्हता. दुसरी गोष्ट, शोएबुल्ला खान यांचं नाव सांगायचं. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू वर्तमानपत्राचे ते तरुण संपादक. रझाकारांविरुद्ध लिहायचे, संस्थान भारतात सामील व्हावं म्हणून लिहायचे. त्यासाठी ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. तिसरी गोष्ट, भारताच्या फौजा आल्या, निजाम शरण आला, त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यात पुष्कळ निरपराध मुसलमान कुटुंबांनाही सोसावं लागलं. हेही आपल्याच इतिहासात आहे. एकच बाजू सांगितली तर लेकरांच्या मनात फक्त राग शिल्लक राहील.

आणि चौथं, गावातल्या दोन म्हाताऱ्यांना आम्ही एकाच चटईवर बसवलं. एका आजीनं सांगितलं, रझाकार आल्याची आवई उठली की बाया लेकरं घेऊन उभ्या ज्वारीत शिरायच्या, रडणाऱ्या पोराच्या तोंडावर पदर धरायच्या. दुसरी, जिला सारं गाव खाला म्हणतं, तिनं सांगितलं की पुढं तिच्या अब्बांना शेजारच्या पाटलानं आपल्या गोठ्यात, कडब्याच्या गंजीमागं तीन दिवस लपवलं आणि पाटलीणबाई भाकरी पोचवायची. पोरं एवढी शांत बसलेली आम्ही कधी पाहिली नव्हती. ज्या भगिनीनं प्रश्न विचारला होता, तिच्याच पोरीनं दुसऱ्या दिवशी शाळेत १७ सप्टेंबरचं भाषण केलं. त्यात दगडाबाई होत्या, शोएबुल्ला खान होते आणि आपल्या गावची ज्वारीही होती.

खाला आता नाहीत. दीड वर्षापूर्वी गेल्या. त्यांचं सांगणं आमच्याजवळ राहिलं, कारण एका ताईनं ते मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. तुमच्या गावात ज्यांनी ते दिवस डोळ्यांनी पाहिले, अशा किती जणी उरल्यात? आजच मोजा. पुस्तकं पुढच्या वर्षीही मिळतील. आज्यांचा भरवसा नाही.

आता २ ऑक्टोबर. गांधीजींचा जन्म १८६९ चा. लालबहादूर शास्त्रींचाही जन्मदिवस तोच, साल १९०४. 'जय जवान, जय किसान' म्हणणारे ते, म्हणून शेतकऱ्याच्या लेकरांना त्यांचं नाव आवर्जून सांगायचं. २ ऑक्टोबरला बहुतेक ठिकाणी पोरांच्या हातात झाडू देतात, फोटो काढतात आणि झालं. आम्ही पोरांच्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवतो.

या मिठावर इंग्रजांचा कर होता. समुद्र आपला, ऊन आपलं, पण मीठ स्वतः तयार करायला बंदी. श्रीमंताला त्याचं काही वाटत नव्हतं, पण ज्याची भाकर मीठ-मिरचीबरोबरच सुटते, त्याला तो कर टोचत होता. १२ मार्च १९३० ला गांधीजी साबरमतीहून पायी निघाले. वयाची साठ वर्षं पूर्ण झालेली. सुमारे ३८५ किलोमीटर चालून दांडीला पोचले आणि ६ एप्रिलला समुद्रकाठचं मीठ उचलून त्यांनी तो कायदा मोडला. आपल्या गावापासून ३८५ किलोमीटर म्हणजे कुठपर्यंत, हे पोरांना नकाशावर बोटानं दाखवायला लावायचं.

यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. दांडीला निघालेल्या त्या तुकडीत एकही बाई नव्हती. पण पुढं बायांनी कुणाच्या बोलावण्याची वाट पाहिली नाही. मुंबईत कमलादेवी चट्टोपाध्याय मीठ तयार करून विकू लागल्या, धारासण्याच्या सत्याग्रहाचं नेतृत्व सरोजिनी नायडूंनी केलं आणि घरोघरच्या बाया हजारोंनी रस्त्यावर आल्या. मीठ स्वयंपाकघरातलं, म्हणून ही लढाई बायांना लगेच कळली.

आपल्या वर्ध्याजवळचं सेवाग्रामही पोरांना सांगावं. १९३६ पासून गांधीजी तिथं राहिले. माती-बांबूची झोपडी, आपल्या जुन्या घरांसारखी. संडास साफ करायचं काम आश्रमात कुणा एका जातीचं नव्हतं, सगळ्यांचं होतं. हे सांगितल्यावर मग झाडू हातात द्यावा. आणि पोरींना एकट्यांना देऊ नये, पोरांनाही द्यावा. आमच्याकडं त्या दिवसाचं काम ठरलंय. घरातल्या प्रत्येक पोरानं त्या दिवशी स्वतःचं ताट आणि आईचं ताट घासायचं. पहिल्या वर्षी दोन-तीन सासवांनी नाकं मुरडली. आता त्याच म्हणतात, नातू चांगलं घासतो.

राहिला २६ जानेवारी. समजावून सांगायला सगळ्यात अवघड आणि आपल्या जास्तीत जास्त कामाचा. आधी 'पाऊस आणि थंडी'चं उत्तर देऊ. १५ ऑगस्टला परकं राज्य गेलं. २६ जानेवारी १९५० ला आपलं राज्य आपण लिहिलेल्या नियमांनी चालू झालं. दिल्लीत झेंड्याच्या रीतीतही हा फरक दिसतो. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावर पंतप्रधान झेंडा खालून वर चढवतात, कारण त्या दिवशी परका झेंडा उतरून आपला चढला. २६ जानेवारीला झेंडा आधीच वर बांधलेला असतो, राष्ट्रपती दोरी ओढून तो उलगडतात, कारण देश तोवर स्वतंत्र झालेलाच होता.

हीच तारीख का? १९२९ च्या डिसेंबरात लाहोरला, रावी नदीच्या काठी, काँग्रेसनं पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३० ला देशभर लोकांनी स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेतली. पुढं दरवर्षी तो दिवस पाळला जायचा. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ लाच स्वीकारलं होतं, पण ते पूर्णपणे लागू करायला त्या जुन्या प्रतिज्ञेचा दिवस निवडला.

हे संविधान लिहायला जवळजवळ तीन वर्षं लागली. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर, हे पोरांना माहीत असतं. पण त्या सभेत पंधरा स्त्रियाही होत्या, हे माहीत नसतं. केरळच्या दाक्षायणी वेलायुधन त्यातल्या एक. ज्या जातीला रस्त्यानं चालायलाही बंधनं होती, त्या जातीतली ही लेक पदवीधर झाली आणि देशाचं संविधान घडवायला बसली. दुर्गाबाई दुसऱ्या. आठव्या वर्षी लग्न लावून दिलेलं, कळत्या वयात त्यांनी ते नाकारलं, पुढं वकील झाल्या. नंतर त्यांनी चिंतामणराव देशमुखांशी लग्न केलं, म्हणजे आपल्या रायगडच्या सूनबाई झाल्या. ज्या गावात अजून दहावीच्या आत पोरीच्या लग्नाचं बोलणं निघतं, त्या गावात दुर्गाबाईंची गोष्ट २६ जानेवारीला सांगायलाच हवी. मोठ्यांनी ऐकावी म्हणून जरा मोठ्या आवाजात सांगायची.

या दिवशीची आमची वस्तू म्हणजे मतदार ओळखपत्र. आईनं आपलं कार्ड आणायचं आणि पोरानं त्यावरचं नाव मोठ्यानं वाचायचं. त्यामागं एक गोष्ट आहे. इंग्रजांच्या काळात मत द्यायचा हक्क जमीन, कर, शिक्षण असं काही असलेल्या थोड्या लोकांनाच होता. आपल्या संविधानानं पहिल्याच निवडणुकीपासून प्रत्येक सज्ञान बाईला पुरुषाइतकंच एक मत दिलं. स्वित्झर्लंडसारख्या श्रीमंत देशातल्या बायांना देशाच्या निवडणुकीत मत मिळायला १९७१ साल उजाडलं. पण १९५१-५२ च्या आपल्या पहिल्या निवडणुकीआधी एक अडचण आली. याद्या करायला माणसं घरोघर गेली, तेव्हा उत्तरेकडच्या राज्यांतल्या कितीतरी बायांनी आपलं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं, नाव नसेल तर यादीत नोंद नाही. सुमारे २८ लाख बायांची नावं वगळली गेली.

या गोष्टीनंतर आम्ही पोरांना काम दिलं. आपल्या घराच्या नोंदीवर आईचं नाव आहे का, ते बघून यायचं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावानं करता येते. पोरं घरपट्टीच्या पावत्या घेऊन आली. आईचं नाव असलेल्या पावत्या बोटांवर मोजण्याइतक्या. एका पोरीनं घरी विचारलं, "बाबा, माय या घरात राहत नाही का?" त्या बापाकडं उत्तर नव्हतं.

मग आम्ही महिला ग्रामसभेत हा विषय घेतला. मैत्रिणींनो, नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असं आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यातच लिहिलंय. बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर याच दिवसांच्या आसपास ग्रामसभा असते. म्हणजे झेंडा फडकवून दिवस संपत नाही, खरं काम त्यानंतर सुरू होतं. आमच्याकडं काही घरांवर दोघांची नावं लागली. काहींचे अर्ज पडून आहेत. काही घरांत भांडणं झाली आणि दोन जणींनी अर्ज मागं घेतले, हेही सांगायला हवं. पण पोरं दरवर्षी पावत्या बघतात, आणि हा प्रश्न आता घरातच विचारला जातो.

कुणी म्हणेल, बचत गटानं पैशाचं बघावं, इतिहासाचं कशाला? आम्हालाही म्हणाले. आमचं उत्तर एवढंच की गटात येऊन आपण पहिल्यांदा सही करायला शिकलो, बँकेत स्वतःचं नाव सांगायला शिकलो. ते नाव लिहायचा हक्क कुठून आला, हे आपल्या लेकरांना दुसरं कोण सांगणार?

सुरू करणार असाल तर थोडं सांगतो. अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवू नका. एका दिवशी दोन गोष्टी पुरेत, सगळं एकदम सांगायला जाऊ नका. गुरुजींना, बाईंना आधी बोलवा. तारखा, नावं त्यांच्याकडून तपासून घ्या. मोबाईलवर फिरत आलेलं काहीही तसंच सांगू नका. पाठांतर करून घेऊ नका. ऐकलेली गोष्ट पोराला आपल्या शब्दांत सांगू द्या, अडखळलं तरी चालेल. जी पोरगी कधी बोलत नाही, तिला आधी विचारा. आणि गावातल्या सगळ्या वस्त्यांमधली पोरं एकाच सतरंजीवर बसतील, याकडं लक्ष ठेवा. एवढं झालं तरी संविधान निम्मं शिकवून झालं.

येत्या १४ ऑगस्टला, संध्याकाळी दिवे लागले की तुमच्या गावात जमा. झेंडा आणा, गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला हाताला धरून आणा, आणि पोरांना तिला प्रश्न विचारू द्या. काय ऐकलं ते आम्हाला रेडिओ केंद्रावर कळवा. १७ सप्टेंबरच्या कार्यक्रमात आम्हाला तुमच्या गावच्या गोष्टी वाचून दाखवायच्या आहेत, सांगणाऱ्या आजीच्या पूर्ण नावासह.

जय हिंद.